असील पैदास: चोच, तुरा, पाय आणि बांध्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं धानाच्या शेतीसोबत असील पाळतो. आमच्या झाडीपट्टीत कोंबडी नसलेलं घर सापडणार नाही, पण असील म्हटलं की लोक थांबतात, कुंपणावरून वाकून बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

असील म्हणजे नेमकं काय? मोठं गावरान कोंबडं म्हणजेच असील ना?

नाही. आपण मराठीत 'अस्सल' म्हणतो, त्याच अरबी मुळातून 'असील' आला आहे. अर्थ मूळ, खानदानी. गावरान कोंबडी म्हणजे गावात जे जे मिसळलं त्याची बेरीज. असील ही शेकडो वर्षं वेगळी राखलेली जात. आपल्या शेजारचा बस्तर आणि आंध्र हा तिचा जुना मुलूख आहे, त्यामुळे पूर्व विदर्भात ती आली यात नवल नाही.

ओळखायचं कसं? अंग घट्ट, पिसं आखूड आणि कमी, खाली लव जवळजवळ नाही. त्यामुळे छातीच्या हाडावर आणि खांद्याच्या टोकाशी लाल कातडी उघडी दिसते. नवखा माणूस विचारतो, "याला खरूज झाली का?" चेहरा लांबट आणि बिनपिसांचा, चोच आखूड आणि जाड, तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा तीन ओळींत आणि डोक्याला चिकटलेला, शेपूट खाली झुकलेली. पूर्ण वाढलेला नर चार ते पाच किलो, मादी तीन ते चार. उचलला की डोळ्यांना वाटतं त्याहून जड लागतो. हाताला गावरान कोंबडा उशीसारखा लागतो, असील ओल्या लाकडासारखा.

पीला, याकूब, नुरी, कागर, चित्ता, टिकर ही नावं मुख्यतः रंगावरून पडलेली आहेत. पीला सोनेरी तांबूस, याकूब काळा-लाल, नुरी पांढरा, कागर काळा. रझा आणि कुलंग ही नावं मात्र आकारावरून: रझा लहान बांध्याचा, कुलंग उंच. हे दोन हिशेब वेगळे आहेत. बाजारात ते एकत्र करून सांगतात आणि घेणारा गोंधळतो.

तुम्ही कोंबडबाजारासाठी पाळता का?

नाही, आणि त्यासाठी कुणाला पक्षी देतही नाही. पायाला काती, म्हणजे छोटं धारदार पातं, बांधून कोंबडे लढवणं काय असतं ते लहानपणी पाहिलं आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे प्राण्यांची झुंज लावणं आणि त्यासाठी जागा देणं दोन्ही गुन्हे आहेत. वर पैसे लावले की जुगाराचा कायदाही लागतो. असील पाळणं, त्याची पैदास करणं, विकणं यात बेकायदेशीर काही नाही. बांधा, चेहरा आणि चाल यांसाठी पाळा. तेवढंच काम जन्मभर पुरतं.

सुरुवात किती पक्ष्यांपासून करावी?

बहुतेक जण एक देखणा कोंबडा आणि दहा कोंबड्या आणतात. अकरा पक्षी दिसतात, पण रक्ताच्या हिशेबात ते चारही भरत नाहीत, कारण पुढच्या पिढीचं अर्धं रक्त एकाच बापाचं असतं. तेच तीन कोंबडे आणि नऊ कोंबड्या ठेवल्या, तर बारा पक्ष्यांचा हिशेब नऊपर्यंत जातो. शास्त्रातलं सूत्र सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण पक्षी. म्हणजे पैसा एका भारी कोंबड्यावर घालण्यापेक्षा तीन बऱ्या नरांवर घाला. त्याहून बरं म्हणजे कोंबड्यांवर, म्हणजे माद्यांवर घाला. लोक नर पाहून भुलतात. त्याची आई, बहिणी आणि मावश्या कशा आहेत हे कुणी विचारत नाही. मी पक्षी घ्यायला गेलो की आधी मागच्या अंगणात जातो, कारण तिथे माद्या असतात.

पोपटचोच असील कसा तयार होतो? माझ्याकडे साधा असील आहे, त्यातून निघेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ही जात तमिळनाडूची. तिकडे तिला 'किळी मूक्कु' म्हणतात. किळी म्हणजे पोपट, मूक्कु म्हणजे नाक. वरची चोच आखूड, जाड आणि खाली वळलेली, कपाळापासून चोचीपर्यंत एकच कमान, आणि मागे लांब पसरट शेपूट. म्हणजे साधारण असीलच्या अगदी उलट, कारण त्याची शेपूट लहान असते. हे रूप तिकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलं आहे. पिढ्या हा शब्द लक्षात ठेवा.

एक कोंबडा आणून हे होत नाही. मी केलं आहे. एका शेळीच्या किमतीत एक 'पोपटचोच' कोंबडा आणला. चोच सुबक, कमान बरोबर. घरच्या माद्यांवर सोडला. पहिल्या वर्षी तीसच्या वर पिल्लं झाली आणि एकाचीही चोच बापासारखी नाही. त्यातून दोन महिन्यांनी त्या कोंबड्याची स्वतःचीच चोच लांब होऊ लागली. वरचं टोक सरळ पुढे आलं. तेव्हा कळलं की चोच कानशीने घासून घडवलेली होती. नखासारखी चोचही वाढतच राहते, त्यामुळे असं सोंग फार दिवस टिकत नाही. आता मी चोच बाजूने बघतोच, पण अंगठ्याने कडाही चाचपतो. नैसर्गिक कड गुळगुळीत आणि निमुळती असते. घासलेली कड बोथट लागते आणि थर उलगडल्यासारखी दिसते.

खरा पोपटचोच नर आणला तरी साध्या मादीपासून पहिल्या पिढीत मधलीच चोच निघते. उंची, वजन, चोचीची वळण या गोष्टी एका जनुकावर ठरत नाहीत, अनेकांची भर पडत जाते. त्यामुळे पहिल्या पिढीतल्या सगळ्यात वळणदार चोचीच्या तलंगा (तरुण माद्या) निवडून त्या वेगळ्या कुळातल्या पोपटचोच नरावर घालाव्या लागतात, आणि हेच पुढेही चालू ठेवावं लागतं. तीन पिढ्यांच्या आत काही हाती लागेल अशी आशा ठेवू नका. असीलची पिढी वर्षभराची असते.

आणि वळण किती घ्यायची याला मर्यादा आहे. वरची चोच खालच्या चोचीवर बसली पाहिजे. फार वळली की पक्ष्याला जमिनीवरचा एकटा दाणा उचलता येत नाही. उभ्या भांड्यात खोल दाणे असले तरच तो खातो. असा पक्षी फोटोत छान दिसतो आणि अंगणात उपाशी राहतो. माझी परीक्षा साधी आहे. फरशीवर दहा ज्वारीचे दाणे पसरून टाकतो. जो पक्षी ते सगळे उचलत नाही, त्याचं अंडं मी उबवायला ठेवत नाही.

तुऱ्यावरून भेसळ कळते का?

कळते, पण उशिरा. कोंबडीचा तुरा हा आनुवंशशास्त्रातला जुना धडा आहे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये तुऱ्यावरूनच दाखवलं. असीलचा वाटाणा-तुरा वरचढ आणि गावरानचा करवतीसारखा उभा तुरा दबणारा. म्हणून असील आणि गावरान यांच्या पिल्लाला वाटाणा-तुराच येतो. थोडा मोठा आणि ओबडधोबड, पण वाटाणाच. विकणाऱ्याला तेवढं पुरतं.

हा लपलेला उभा तुरा पुढे दोन मिश्र पक्ष्यांच्या जोडीतून चारात एक या प्रमाणात वर येतो. तुमच्या 'शुद्ध' जोडीत एखादं उभ्या तुऱ्याचं पिल्लू निघालं, तर दोष एकट्या नराचा नाही. आई आणि बाप दोघांकडेही तो आहे.

महागडा नर घेतला असेल तर तपासणी करा. तो एका उभ्या तुऱ्याच्या गावरान कोंबडीवर सोडा. नर मिश्र असेल तर साधारण निम्मी पिल्लं उभ्या तुऱ्याची निघतील. पाचही पिल्लं वाटाणा-तुऱ्याची निघाली, तर तो मिश्र असण्याची आणि तरी नशिबाने निसटण्याची शक्यता बत्तीसात एक. दहा निघाली तर हजारात एक. तुरा पहिल्याच दिवशी पिल्लाच्या डोक्यावर दिसतो, त्यामुळे महिनाभरात निकाल लागतो आणि पिल्लं घरच्या खाण्यात जातात. लक्षात घ्या, यात फक्त तुऱ्याची परीक्षा होते. बाकीच्या रक्ताबद्दल ती काही सांगत नाही.

पाय पिवळे हवेत. दोन्ही आईबाप पिवळे असूनही पिल्लांचे पाय फिके का?

पिवळी कातडी दबणारा गुण आहे. म्हणजे आईबाप दोघेही पिवळ्या पायांचे असतील तर पिल्लंही पिवळीच असायला हवीत. गंमत अशी, की हा पिवळेपणा कोंबडीत राखी रानकोंबड्याकडून आला असं संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. तोच रानकोंबडा आपल्या मेळघाटात पहाटे ओरडतो.

पण पिवळा रंग शरीर तयार करत नाही, तो खाण्यातून येतो. फक्त कनकी आणि कोंडा खाणाऱ्या पक्ष्याचे पाय फिकेच राहणार. मका द्या, हिरवा पाला द्या, अंगणात सोडा. अंड्यावर आलेल्या मादीचा रंग तर बलकात जातो आणि पाय उतरत जातात. ते चांगल्या अंड्यांचं लक्षण आहे, त्यासाठी मादी काढू नका. बाजारात पायाला हळद चोळून आणलेला पक्षी मी पाहिला आहे. ओल्या कापडाने पुसून बघायला लाजू नका.

असील आणि कडकनाथचा क्रॉस करू का? काळा असील मिळेल ना?

करू शकता, पण मग त्याला असील म्हणू नका. हौस म्हणून सांगतो, यात एक मजा आहे. झाबुआच्या कडकनाथचा (२०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं) आतला काळेपणा वरचढ आहे. पण कातडीतला काळा रंग अडवणारं दुसरं एक जनुक लिंगसूत्रावर (नर की मादी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रावर) बसलेलं असतं आणि फिक्या पायांच्या असीलकडे ते असतं. कोंबडीमध्ये माणसाच्या उलट आहे. माद्यांकडे हे सूत्र एकच असतं आणि ते त्या फक्त मुलांना देतात, मुलींना नाही.

म्हणून कडकनाथ नर आणि फिक्या पायांची असील मादी अशी जोडी लावली, तर नर पिल्लं फिकी आणि माद्या गडद निघतात. उलटी जोडी लावली, म्हणजे असील नर आणि कडकनाथ मादी, तर मुलं काय आणि मुली काय, काळेपणा बहुतेक दबतो. हे न कळल्यामुळे "मला नकली कडकनाथ दिला" म्हणून भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

उंच कुलंग करायचा आहे. जास्त प्रोटीन दिलं तर उंची वाढेल का?

वजन लवकर वाढेल आणि पाय वाकतील. उंच जातीच्या पिल्लाची हाडं हळू पक्की होतात. घाई केली की गुडघे आत जातात. दुसरी चूक म्हणजे पिल्लांना लवकर बारीक काठीवर बसू देणं. त्याने छातीचं हाड वाकडं होतं आणि ते आयुष्यभर तसंच राहतं. तीन-चार महिने तणसाच्या थरावरच झोपू द्या, नंतर रुंद फळी द्या.

उंचीपेक्षा उभं राहणं पाहा. मागचं बोट सरळ मागे जाऊन जमिनीला टेकलं पाहिजे. ते बाजूला किंवा पुढे वळलं असेल तर पाय बदकासारखा दिसतो आणि पक्षी तोल सांभाळत नाही. हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. शेपूट एका बाजूला वाकडी, चोच कात्रीसारखी, बोटं मुरडलेली, हे तसेच. असे पक्षी पैदाशीत नकोत. रश्श्यात चालतील.

कुणी कुणी जपानी शामो आणू का असं विचारतात. त्याचेही पूर्वज सियाम, म्हणजे आजच्या थायलंडकडून जपानात गेले आणि 'शामो' हे नावही सियामवरूनच आहे. आपल्या दाराशी असील असताना ऑनलाइन मागवलेली अंडी, तीही मालवाहू गाडीत हिंदकळत आलेली, मी तरी घेणार नाही.

बाप आणि लेक यांची जोडी चालते का? गुण पक्का होतो म्हणतात.

गुण पक्का होतो हे खरं. दोषही पक्का होतो. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लात, आईबाप दोघांकडून एकाच पूर्वजाची तीच जनुकप्रत येण्याची शक्यता २५ टक्के असते, सावत्र भावंडांत साडेबारा.

माझ्या एका याकूब नराचा चेहरा इतका सुरेख होता, की मी तो त्याच्याच मुलीवर सोडला. आजी म्हणाली, "बापू, असं करू नये." मी हसलो. खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी टोपल्यातून चार पिल्लं बाहेर आली. तीन अंड्यांत पिल्लं पूर्ण होऊन टरफल न फोडताच मेलेली. जिवंत चारपैकी एकाची चोच आडवी, ते सहाव्या दिवशी गेलं. उरलेल्या तिघांत एकाचा चेहरा खरंच बापासारखा होता. त्याची पिसं यायला इतका वेळ लागला की पाऊसभर मी त्याला घरात ठेवलं.

आता मी तीन घरं ठेवतो: क, ख आणि ग. माद्या जन्मल्या घरीच राहतात. नर दर वर्षी पुढच्या घरी जातात, क चे ख मध्ये, ख चे ग मध्ये, ग चे क मध्ये. गावात लेकी नांदायला जातात, इथे मुलगे घरजावई होतात. आजीला हे पटलं आणि हसायची पाळी तिची आली.

कोंबडा बदलला. अंडी कधीपासून ठेवू?

तीन आठवड्यांनी. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचं बीज दोन ते तीन आठवडे टिकतं. दुसऱ्या दिवसापासूनची अंडी ठेवली तर बाप कोण हे तुम्हालाच कळणार नाही. मुद्दा लहान आहे, पण अर्ध्या लोकांची वंशावळ इथेच फसते.

इतकं सगळं लक्षात कसं ठेवायचं?

लक्षात ठेवायचंच नाही, वही घालायची. तारीख, आई, बाप, किती अंडी, किती निघाली, काय दोष. पिल्लांना खूण म्हणून बोटांमधल्या पडद्याला पहिल्याच दिवशी बारीक छिद्र पाडतात. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे सोळा वेगळ्या खुणा होतात. जमत नसेल तर प्लास्टिकची रंगीत कडी घाला, पण पाय जाड होतात तशी ती बदला. मी एकदा विसरलो आणि कडी मांसात रुतली.

कोणतं पिल्लू ठेवायचं हे कधी ठरवायचं?

पहिल्या दिवशी तुरा आणि बोटं. तीन महिन्यांनी पाय आणि छातीचं हाड. चोच आणि चेहरा वर्षाच्या आत कळत नाही, त्यामुळे आवडलेले नर घाईने विकू नका. असील उशिरा वयात येतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या माहितीप्रमाणे मादी १९६ दिवसांच्या आसपास अंड्यावर येते आणि वर्षाला ९२ अंडी देते. अंगणात त्याहून कमीच धरा.

आणि नर पिल्लं दोन महिन्यांची झाली की एकमेकांना सोलू लागतात. तेव्हापासून वेगळी डाली लागतात. जागा नसेल तर असील पाळू नका, हे मी स्पष्ट सांगतो.

आपल्या उन्हाळ्यात पैदास होते का?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा नराचं बीज कमी होतं आणि साठवलेल्या अंड्यात उबवण्याआधीच अर्धवट वाढ सुरू होऊन ती नासतात. मी दिवाळीनंतर अंडी ठेवायला सुरुवात करतो आणि फेब्रुवारीत थांबतो. अंडी ओल्या वाळूवरच्या मडक्यात, टोकदार बाजू खाली, आणि आठवड्याहून जुनी नाहीत. असील मादी आई म्हणून फार चांगली, पण जड असते. तिच्याखाली आठ-दहापेक्षा जास्त ठेवली तर फुटतात.

खायला काय द्यावं?

कनकी, ज्वारी, मका, तुरीची चुनी, शिंपल्यांचा चुरा आणि मोकळं अंगण. सरकीची ढेप देऊ नका. गाईला चालते म्हणून कोंबडीला चालत नाही, त्यातल्या गॉसिपॉलने बलक हिरवट पडतो आणि पक्षीही खंगतो.

लस लागते का? असील तर कणखर असतो.

मानमोडीला (राणीखेत रोगाला) कणखरपणा कळत नाही. पहिल्या आठवड्यात त्याची लासोटा लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात त्याचीच आर-टू-बी लस. देवीची लसही द्या. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक विचारा. लस बर्फात आणा, शर्टाच्या खिशात नाही.

उरलेले नर काय करायचे?

खायचे. शंभर पिल्लांत ठेवण्यासारखे चार-पाच निघाले तरी वर्ष चांगलं गेलं. असीलचं मटण घट्ट असतं, हळू शिजतं आणि रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. इंग्लंडमध्ये असीलच्या रक्तातून कॉर्निश जात तयार झाली, तिची मांसल छाती पुढे कामी आली, आणि आजचा ब्रॉयलर त्याच कॉर्निशच्या वंशातला. म्हणजे ढाब्यावरच्या प्लेटमध्येही आपला नातेवाईक असतो, फक्त चाळीस दिवसांचा.

तुमच्याकडे पिल्लं मिळतील का?

जानेवारीत या, फेब्रुवारी संपेपर्यंत. आधी माद्या पाहा, मग नर मागा. पिल्लं सोबत वहीचं पान घेऊन जातात, आणि त्यातल्या ज्या आईच्या नावापुढे 'आडवी चोच' लिहिलं आहे तिची पिल्लं मी देत नाही, कितीही देखणी असली तरी.